चार ओळखीची नावं

रेडिओवरून चित्राविषयी बोलायचं म्हणजे थोडं अवघडच. चित्र दाखवता येत नाही, सांगावं लागतं. पण आज ज्या चित्राविषयी बोलणार आहे, ते तुमच्यापैकी अनेकांनी कुठे ना कुठे पाहिलं असेल. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या भिंतीवर, एखाद्या कॅलेंडरवर, मुंबईच्या टॅक्सीत काचेजवळ चिकटवलेलं. मागे सगळं सोनेरी. मध्यभागी गडद निळं वस्त्र डोक्यावरून घेतलेली एक बाई. कपाळाच्या वर, त्या निळ्या वस्त्रावर एक तारा. तिच्या डाव्या हातावर लहान मूल. आणि वरच्या दोन कोपऱ्यांत पंख असलेले दोन छोटे देवदूत. बस्स, एवढंच. चार जणांचं चित्र.

आपले ख्रिस्ती बांधव या चित्राला निरंतर साहाय्य करणारी माता म्हणतात. मूळ चित्र रोममध्ये, संत आल्फान्सोच्या चर्चमध्ये आहे. ते कापडावर किंवा कागदावर नाही, लाकडाच्या फळीवर रंगवलेलं आहे. उंची पावणेदोन फूट, रुंदी दीड फुटालाही कमी. म्हणजे आपल्या घरातल्या देव्हाऱ्यात सहज मावेल एवढं. याच धर्तीची, याच चौघांची, मध्ययुगाच्या अखेरीला रंगवलेली दुसरी चित्रं आज युरोपातल्या संग्रहालयांमध्ये आहेत. त्यांतल्या काहींवर आंद्रेआस रित्सोस या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराची सही आहे.

मी रोमला गेलेलो नाही. अकोल्याहून मुंबईला जाणं होतं, तेव्हा मला हे चित्र भेटलं ते माहीमला. त्याविषयी पुढे सांगतोच. आधी चौघांची नावं सांगतो. ख्रिस्ती लोक त्यांना मारिया, येशू, मायकल आणि गॅब्रिएल म्हणतात. मी मुसलमान घरातला. आमच्याकडे ही नावं मरियम, ईसा, मिकाईल आणि जिब्रील अशी आहेत. चर्चची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी ही चारही नावं मी घरात ऐकलेली होती.

कुराणाची एकोणिसावी सूरा मरियमच्या नावाची आहे. सबंध कुराणात नावानिशी जिचा उल्लेख येतो, अशी ती एकटीच स्त्री. प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ होऊन ती एका खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी येते, मेले असते तर बरं असं म्हणते, आणि मग तिला धीर मिळतो, खायला ताजे खजूर आणि प्यायला पाणी मिळतं, ही कथा तिथे येते. हजला गेलेली माणसं येताना ‘मरियम का पंजा’ नावाची एक वाळकी वनस्पती आणतात. मिटलेल्या मुठीसारखी दिसते. बाळंतिणीच्या खोलीत ती पाण्यात घालून ठेवायची पद्धत आहे. पाण्यात ती हळूहळू उलगडते, आणि तशीच बाईचीही सुटका होवो, अशी भावना. जिब्रील म्हणजे तर आमच्या प्रेषितांकडे ईश्वराची वाणी घेऊन येणारा दूत. चित्र परधर्माचं, पण त्यातली माणसं घरची. अशा चित्रासमोर उभं राहताना मनात काय होतं, ते सांगण्यासाठी हे भाषण आहे.

चित्रात घडतंय काय? डावीकडच्या मिकाईलच्या हातात भाला आहे, काठीला लावलेला बोळा आणि आंब पेयाचं भांडं आहे. उजवीकडच्या जिब्रीलच्या हातात क्रूस आणि खिळे आहेत. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हे मूल मोठं झाल्यावर त्याला ज्या वस्तूंनी छळलं जाईल, त्या सगळ्या वस्तू देवदूत त्याला आधीच दाखवत आहेत. मूल मान वळवून क्रुसाकडे पाहतं आहे. त्याने आईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांनी घट्ट धरला आहे. आणि त्याच्या एका पायातली चप्पल निसटून नुसत्या बंदावर लोंबकळते आहे.

या चपलेचे धर्मशास्त्रीय अर्थ अभ्यासकांनी लावलेले आहेत. पण सामान्य भाविक पिढ्यान्‌पिढ्या एकच अर्थ सांगतात: पोर घाबरलं आणि आईकडे धावत सुटलं, त्यात चप्पल निसटली. कविता लिहिणारा माणूस म्हणून मला या चपलेचं फार मोल वाटतं. मुलाचा चेहरा शांत आहे, जवळजवळ मोठ्या माणसासारखा. चित्रकाराने भीती चेहऱ्यावर काढली नाही, ती पायात काढली. आई मुलाकडे पाहत नाही, देवदूतांकडेही पाहत नाही. ती सरळ आपल्याकडे पाहते. तिच्या नजरेत तक्रार नाही. जे होणार ते तिला ठाऊक आहे आणि तरीही तिने हात सोडवून घेतलेला नाही, इतकंच त्या नजरेतून कळतं.

हे असं चित्र तयार कसं होत असे, तेही थोडक्यात सांगतो. चांगली वाळलेली फळी घ्यायची. तिच्यावर पुष्कळदा सरसाने तागाचं बारीक कापड चिकटवायचं. त्यावर जनावराच्या कातड्याचा सरस आणि खडू किंवा जिप्सम यांच्या खळीचे एकावर एक हात द्यायचे आणि वाळल्यावर घासून गुळगुळीत करायचं. मग रेखाटन. मग जिथे सोनं हवं तिथे तांबड्या मातीचा लेप आणि त्यावर सोन्याचा वर्ख. रंग म्हणजे खनिजांची आणि मातीची पूड, आणि ती कालवायला अंड्याचा बलक. चेहरा रंगवताना आधी गडद हिरवट तपकिरी थर द्यायचा आणि मग त्यावर हळूहळू उजेड चढवत जायचं. म्हणजे या चित्रांत चेहरा अंधारातून वर येतो. सोनं हे तिथे श्रीमंतीचं लक्षण नाही. त्या सोन्यात सकाळ-संध्याकाळ नाही, सावली नाही. ही जागा या जगातली नव्हे, एवढंच ते सोनं सांगतं.

हातात छळाच्या वस्तू घेतलेले देवदूत आणि मध्ये आई-मूल, ही मांडणी बरीच जुनी. सायप्रस बेटावर लागुदेरा गावाच्या चर्चमध्ये 1192 सालचं असं भित्तिचित्र आहे. पण फळीवर ती खरी लोकप्रिय झाली क्रीट बेटावर. क्रीट 1211 पासून 1669 पर्यंत व्हेनिसच्या ताब्यात होतं. प्रजा ग्रीक, राज्यकर्ते इटालियन. एकाच शहरात दोन पद्धतींची चर्च. 1453 मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्याच्या आगेमागे तिथले अनेक कारागीर क्रीटला आले आणि कांदिया शहरातल्या चित्रशाळा भरभराटीला आल्या. 1499 सालचा एक करारनामा इतिहासकारांना व्हेनिसच्या दफ्तरात सापडला आहे. त्यात व्यापाऱ्यांनी कांदियाच्या तीन चित्रकारांकडे मरियमची 700 चित्रं मागितली आहेत. त्यांतली 500 लॅटिन धर्तीची, 200 ग्रीक धर्तीची, आणि मुदत जेमतेम दीड महिन्याची. आपल्याकडे गणपतीच्या आधी पेणच्या कारखान्यांत जशी घाई असते, तशीच ही घाई. चित्र पवित्र खरं, पण ते बनवणाऱ्याला पोट आहे, गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइकाची आवडनिवडही आहे.

रोममधल्या आपल्या चित्राची कथाही अशा व्यापाऱ्यापासूनच सुरू होते. परंपरा सांगते, की एका व्यापाऱ्याने ते क्रीटमधून चोरून आणलं. रोममध्ये तो आजारी पडला आणि मरताना मित्राला म्हणाला, हे चित्र एखाद्या चर्चला दे. मित्राच्या बायकोला ते इतकं आवडलं की तिने घरातच ठेवून घेतलं. शेवटी 27 मार्च 1499 रोजी ते संत मत्तयच्या चर्चमध्ये आलं. तिथे ते तीनशे वर्षं राहिलं. 1798 मध्ये फ्रेंच फौजांनी रोम घेतलं, ते चर्च पाडलं गेलं, आणि साधूंनी चित्र दुसरीकडे हलवलं. तिथे ते जवळजवळ विस्मरणात गेलं. 1866 मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट संघाच्या स्वाधीन केलं, आणि या संघाच्या धर्मगुरूंनी त्याच्या प्रतिकृती जगभर नेल्या. 1990 च्या दशकात फळीची शास्त्रीय तपासणी झाली. लाकूड 1325 ते 1480 या दरम्यानचं निघालं. वरचा काही रंग मात्र नंतरच्या काळात पुन्हा दिलेला. चोरी, युद्ध, विस्मरण, दुरुस्ती. या सगळ्यांतून जे राहिलं, ते आज आपण पाहतो.

आता मुद्द्याचं. काही जण मला विचारतात, तुमच्या धर्मात चित्राला स्थान नाही, मग तुम्हाला याचं कौतुक कसं? प्रश्न रास्त आहे. आमच्या मशिदीत चित्र नसतं आणि मी चित्रापुढे वाकत नाही. पण पवित्र चित्र असावं की नसावं, हा वाद मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्यातलाच आहे असं नाही. तो ख्रिस्ती लोकांच्या आतही झाला, आणि फार कडवटपणे झाला. आठव्या आणि नवव्या शतकांत कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनीच चर्चमधली चित्रं काढून टाकली, फोडली, जाळली. हा वाद 843 मध्ये मिटला. त्या धामधुमीत चित्रांच्या बाजूने सर्वांत ठाम लिखाण केलं ते दमास्कसच्या संत योहानाने. हा माणूस राहत होता उमय्या खलिफांच्या राज्यात. त्याच्या घराण्याने खलिफांच्या दरबारी चाकरी केलेली. सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्याला निर्धास्तपणे लिहिता आलं. इजिप्तमधल्या सिनाई पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरिनचा मठ आहे. सहाव्या शतकातली, जगातली अत्यंत जुनी ख्रिस्ती फळीचित्रं तिथे आहेत. ती वाचली याचं एक कारण हेच की तो मुलूख तेव्हा मुसलमानी अमलाखाली होता. त्या मठाच्या तटाच्या आत फातिमी काळापासून एक छोटी मशीदही आहे.

हे मी कोणाची बाजू उजळ करायला सांगत नाही. मुसलमान राज्यकर्त्यांनी चर्च पाडल्याची उदाहरणंही इतिहासात आहेत, आणि 1453 चा उल्लेख मी आत्ताच केला. सांगायचं आहे ते इतकंच की इतिहासाची वाट आपल्या भांडणांइतकी सरळ नसते. एका धर्माचं चित्र दुसऱ्या धर्माच्या सावलीत वाचतं, हे घडलेलं आहे.

आपल्या देशातही असंच. 1579 मध्ये गोव्याहून निघालेले जेझुइट धर्मगुरू 1580 मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराकडे पोचले. रोममधल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध मरियम-चित्राची प्रतिकृती त्यांच्याकडे होती. बादशहाने त्या चित्राला मुसलमानी, ख्रिस्ती आणि हिंदू अशा तिन्ही पद्धतींनी वंदन केलं, असं जेझुइटांच्या वृत्तांतात आहे. पुढे मुघल चित्रशाळांमध्ये मरियम अनेकदा रंगवली गेली. खुद्द गोव्यात चर्चसाठी लाकडाच्या आणि हस्तिदंताच्या कितीतरी मूर्ती हिंदू कारागिरांनी घडवल्या. त्यांच्याकडून काम करून घेऊ नये, असे ठराव सोळाव्या शतकात धर्मसभांना करावे लागले, यावरूनच ते किती चालू होतं ते कळतं. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथे गेलात तर आपल्याकडच्या कारागिरांचे हात अशा वस्तूंमध्ये ओळखू येतात.

संग्रहालयाचं एक मला बरं वाटतं. तिथे तिकीट लागतं, पण धर्म विचारत नाहीत. फळीसाठी हवेतला ओलावा सांभाळला जातो, कारण लाकूड फुगलं-आकसलं की रंगाचे पोपडे सुटतात. प्रकाश मंद ठेवतात. खाली एक पाटी असते: काळ, प्रदेश, माध्यम, माप, देणगीदार. ही सगळी माहिती खरी आणि उपयोगाची. पण त्या पाटीवर एक गोष्ट येत नाही. या फळीपुढे कोण रडलं, कोणाच्या पोराचा ताप उतरला, कोणाचा उतरला नाही, ते तिथे नसतं. मध्ययुगातलं हे चित्र भिंतीवर शोभेसाठी टांगायला केलेलं नव्हतं. समोर बसून त्याच्याशी बोलायला केलेलं होतं. संग्रहालय लाकूड वाचवतं. बोलणं वाचवणं त्याच्या हातात नसतं.

ते बोलणं मी ऐकलं माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये. तिथे या चित्राची प्रतिकृती आहे, आणि 8 सप्टेंबर 1948 पासून दर बुधवारी तिथे नोव्हेना होते. नोव्हेना म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना. इथे लागोपाठ नऊ बुधवार. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या भाषांत प्रार्थना चालते, मराठीतही. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात: मेणाचं घर, मेणाचा पाय, मेणाचं बाळ. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, ते त्याने वाहायचं. रांगेत कुंकू लावलेल्या बायका असतात, बुरख्यातल्या असतात, परीक्षेचं हॉलतिकीट खिशात ठेवलेली पोरं असतात. मी गेलो तेव्हा माझ्या पुढे एक म्हातारी होती, हातात मेणाचं घर. मुंबईत खोली मिळावी म्हणून आली असणार. तिने ते घर ज्या सांभाळून धरलं होतं, ते पाहून वाटलं, खरी किल्ली हातात आली तरी ती इतकीच जपून धरेल.

त्या चर्चपासून थोड्याच अंतरावर मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. मखदूमबाबांचा काळ 1372 ते 1431. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा मोठा कोकणी विद्वान. आता आकडे जुळवून पाहा. रोमच्या फळीचं लाकूडही त्याच काळातलं. इकडे माहीमच्या बेटावर एक माणूस मरियमच्या सूरेचा अर्थ लिहीत होता, आणि भूमध्य समुद्राच्या बाजूला मरियमच्या चित्राचं लाकूड कुठे झाडात, कुठे सुताराकडे तयार होत होतं. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. पाच-सहाशे वर्षांनी ते एका वस्तीत शेजारी झाले. बुधवारी इकडे गर्दी, गुरुवार-शुक्रवारी तिकडे. मेणबत्ती आणि अगरबत्ती विकणाऱ्यांना दोन्हीकडचे वार पाठ.

पण श्रोतेहो, सगळं एकच आहे असं म्हणून मी मोकळा होणार नाही. ते खरं नाही, आणि ते दोन्ही धर्मांना न्याय देणारंही नाही. माझ्या श्रद्धेनुसार ईसा प्रेषित आहेत, ईश्वराचे पुत्र नव्हेत. कुराण सांगतं की त्यांना क्रुसावर मारलं गेलं नाही. म्हणजे जिब्रीलच्या हातातला जो क्रूस पाहून ते मूल घाबरलं आहे, तो क्रूसच मी मानत नाही. चित्राचा सगळा धर्मार्थ त्या क्रुसावर उभा आहे आणि तिथे माझा मतभेद आहे. तो लपवून चित्राचं कौतुक करणं म्हणजे चित्राचाही अपमान आणि माझाही.

मग उरतं काय? उरते ती चप्पल. उरतं त्या मुलाचं घाबरणं आणि दोन्ही हातांनी आईचं बोट धरणं. भविष्य मानो वा न मानो, भीती मला कळते. आईला पोराचं पुढचं दुःख दिसतं आणि तरी ती त्याला कडेवरून खाली ठेवत नाही, हे कळायला मला धर्म बदलावा लागत नाही. दुसऱ्याच्या पवित्र वस्तूकडे पाहण्याचे दोनच मार्ग आहेत, असं हल्ली आपल्याला शिकवलं जातं: एक तर हात जोडा, नाहीतर तोंड फिरवा. तिसरा मार्ग आहे. हात न जोडता उभं राहायचं, नीट पाहायचं, आणि शेजारी जो हात जोडून उभा आहे त्याच्या आड यायचं नाही.

आपल्या मराठीला हा तिसरा मार्ग नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान असून मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेले. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, ते मराठी ओवीत. आपल्या जिल्ह्यात हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, तिथे नवस फेडायला येणारे सगळे ख्रिस्ती असतात असं कोणी म्हणणार नाही. ‘माउली’ हा शब्द पंढरीच्या वाटेवरचा. तो मरियमला लावताना कोणाला परवानगी मागावी लागली नाही.

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. शेजाऱ्याच्या घरी गेलात आणि भिंतीवर एखादं अनोळखी पवित्र चित्र दिसलं, तर त्यातल्या माणसांची नावं विचारा. कोणाच्या हातात काय आहे, ते विचारा. कोण कोणाकडे पाहतंय, ते विचारा. घरची मंडळी आनंदाने सांगतील. कदाचित त्यांतलं एखादं नाव तुमच्या ओळखीचं निघेल. नाही निघालं, तर निदान एक नाव नव्याने कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)